बाळंतिणीचं कार्ड

पाचवीही मुलगीच झाली हे कळल्यावर तिच्या आईनं भिंतीकडे तोंड केलं आणि एवढंच म्हटलं, "दमले गं बाई." आमच्याकडे नावं अशीच पडतात. मुलीचं नाव पडलं केलापिले, म्हणजे 'मी दमले'. पण ही मुलगी दमलेली मात्र आमच्या महालाप्ये गावात कुणी कधी पाहिली नाही.

हमरस्त्यावरच्या मोठ्या पंपावर ती पेट्रोल भरायची. रात्रंदिवस मालाचे ट्रक उत्तरेकडे जात, त्या घरघरीत तिचा आवाज वेशीवरच्या चिंचेखालीही ऐकू येई. एखादा ड्रायव्हर पैसे देताना हात धरून ठेवू लागला की ती ओरडे, "अहो, हात सोडा, त्याचं बिल वेगळं लागेल!" आणि सगळा पंप हसे. पगार बेताचा होता, पण दर महिन्याला बँकेत जमा व्हायचा आणि तो तिचा स्वतःचा होता.

मोआगी तिचा माणूस. गवंडीकाम करायचा, शांत स्वभावाचा, भांडणाची चाहूल लागली की टोपी उचलून चालू लागणारा. दोघांनी मिळून जमिनीचा तुकडा मिळवला होता आणि त्यावर दोन खोल्यांच्या भिंती मोआगीनं स्वतः उभ्या केल्या होत्या. छप्पर तेवढं राहिलं होतं. दिवस गेल्याचं कळलं तशी केलापिले म्हणाली, "माझं पोर उघड्या भिंतीत नाही यायचं." पत्र्यांसाठी तिनं पेलोच्या आईकडून तीन हजार पुला, म्हणजे आमच्याकडचे रुपये, उचलले.

पेलोची आई (आमच्याकडे बाईला पोराच्या नावानंच ओळखतात) म्हणजे वस्तीतली मोठी असामी. निवृत्त मास्तरीण, चर्चमध्ये पहिल्या बाकावर, प्रत्येक मयताला सर्वांत आधी हजर. आणि मचोनिसा. व्याजानं पैसे देणाऱ्याला आम्ही मचोनिसा म्हणतो. तिचा दर शेकडा तीस, तोही महिन्याला. तारण म्हणून ती दागिना मागत नसे, बँकेचं कार्ड मागे आणि त्याचा गुप्त आकडा. महिनाअखेरीला ती पेन्शन आणायला जाणाऱ्या बायका नेतात तशी पिशवी घेऊन बँकेच्या मशीनपाशी उभी राही. एकामागून एक लोकांची कार्डं घाली, आपलं व्याज काढून घेई आणि उरलेलं ज्याचं त्याला नेऊन देई. कधी एका पैशाची लबाडी केली नाही, हा तिचा मोठा अभिमान होता.

सहा महिने केलापिले पगार आला की नऊशे पुला पेलोच्या आईला जाताना पाहत होती. मुद्दल होतं तिथंच होतं. तरी पगार पुरा होता, पाणी अजून नाकापर्यंत आलं नव्हतं. बाळंतपणाची रजा सुरू झाली आणि रजेत कायद्यानं मिळतो तो निम्मा पगार हातात आला. निम्मा म्हणजे जेमतेम हजार.

मुलगी झाली. नाव ठेवलं वारोना, 'आमची'. थंडी ऐन भरात होती. रीतीप्रमाणे केलापिले आईच्या घरी आली आणि दाराबाहेर लाकडाचा ओंडका आडवा टाकला गेला. ओंडका दिसला की आत ओली बाळंतीण आहे हे परक्यानं ओळखायचं आणि मागे फिरायचं. तीन महिने बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही, चारचौघांत जायचं नाही, मुलाच्या बापानंही पोराचं तोंड पाहायचं नाही. यालाच बोत्सेत्सी म्हणतात. तीन महिन्यांची ही बंदी आणि तीन महिन्यांची रजा अगदी जोडीनं चालली होती.

पहिल्या महिनाअखेरीला पेलोची आई फाटकाशी आली. ओंडका पाहून तिथूनच हाक मारली. आई बाहेर गेली. पेलोच्या आईनं तिच्या हातात शंभराची एक नोट ठेवली आणि वर किलोभर साखरेची पुडी.

"साखर माझ्याकडून, बाळंतिणीला," ती म्हणाली. "व्याजाशी तिचा संबंध नाही हो."

आई नोट घेऊन आत आली. केलापिले पोरीला पाजत होती. तिनं नोटेकडे पाहिलं, मग पुडीकडे.

"एवढंच?"

"निम्मा पगार, त्यातून व्याज गेलं. हिशेब बरोबर आहे."

"हिशेब बरोबर असेल. खाऊ काय मी? हिशेब?"

"हळू बोल. बाळंतिणीनं आवाज चढवायचा नसतो, दूध आटतं."

"दूध आवाजानं नाही आटत गं आई, उपासानं आटतं."

आईनं चुलीवरची ज्वारीची आंबील वाढली, बाजूला बकऱ्याच्या मटणाचा तुकडा ठेवला. बाळंतिणीला मटण लागतंच, असं तिचं म्हणणं. ते कुठून येतं हे केलापिलेनं विचारलं नाही. त्या दिवसांत तिला वाटे, आईकडे सगळं कुठून तरी येतंच.

मोआगीचा फोन आला. तो दूर राजधानीत बांधकामावर होता. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "तू बाहेर आलीस की आपण दोघं जाऊ, हात जोडू, मुदत मागू."

"मी बाहेर येईपर्यंत ती आणखी दोनदा पगार काढेल. आणि हात कसले जोडायचे? मी चोरी केलीय का?"

"अगं, पण बंदीत असताना तू काय करणार?"

हाच प्रश्न तिला डाचत राहिला. पेलोच्या आईचंही गणित हेच होतं. बाळंतीण म्हणजे खुंट्याला बांधलेली गाय. तीन महिने ती कुठं जात नाही, कुणाला भेटत नाही, बँकेत तर नाहीच नाही.

पण एक गोष्ट पेलोची आई विसरली होती. कार्डाबरोबर तिनं केलापिलेचं सरकारी ओळखपत्रही ठेवून घेतलं होतं. दवाखान्यात नाव घालायला ते लागलं, तेव्हा केलापिलेनं ते मागून नेलं होतं आणि परत केलं नव्हतं. ते आता उशीखाली होतं.

दीड महिना झाला. पोरीला टोचायला दवाखान्यात न्यायचं होतं. एवढ्यापुरती बंदीत सूट असते. सरळ जायचं, सरळ यायचं, सोबत मोठी बाई हवी, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. केलापिलेनं लांब झगा घातला, डोक्याला फडकं बांधलं, खांद्यावरून शाल लपेटली, पोरीला पाठीशी घट्ट बांधलं. आई पुढं, ती मागं. दवाखान्यात पोरीचं वजन केलं. नर्स म्हणाली, "वजन चांगलं भरतंय, पण आईनं पोटभर खायला हवं." केलापिलेनं आईकडे पाहिलं, आईनं खिडकीकडे.

बाहेर आल्यावर आई डावीकडे वळली. केलापिले उजवीकडे.

"घर इकडे आहे," आई म्हणाली.

"बँक इकडे आहे."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "वेड लागलं का तुला? ओली बाळंतीण तू! अशी बाजारातून गेलीस तर लोक काय म्हणतील? पोरीला काही झालं तर?"

"पोरीला काय होतंय ते मीच बघतेय, आई. तू यायचं तर ये, नाहीतर इथं सावलीत बस. मी जाऊन येते."

आई जागच्या जागी उभी राहिली. मग रस्ताभर पुटपुटत तिच्या मागून आली. पुटपुटण्यात देव होता, मेलेले आजोबा होते आणि केलापिलेच्या बापाच्या घराण्याचा उद्धारही होता.

महिन्याच्या मधल्या दिवसांतही बँकेत दारापर्यंत रांग होती. ती आत शिरली तशी कुजबुज झाली. शाल, फडकं, पाठीवर इवलंसं पोर, कुणाला काही सांगायला नको. बंदीतल्या बाळंतिणीची सावलीही अंगावर पडू नये असं मानणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत. रांगेतला शेवटचा म्हातारा बाजूला सरकला. त्याच्या पुढची बाई सरकली. पाहता पाहता अख्खी रांग भिंतीला चिकटली आणि काउंटरपर्यंत वाट मोकळी झाली.

"आभारी आहे," केलापिले मोठ्यानं म्हणाली आणि थेट पुढं गेली. मागून आई शालीत तोंड लपवून.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कार्ड हरवलंय?"

"नाही, हरवलं नाही. कुठं आहे ते मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्याच्या ताब्यात आहे. ते बंद करा आणि मला नवं द्या. आकडाही नवा."

मुलीनं ओळखपत्र पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि आवाज न करता हसली. "अशी कार्डं बंद करायला लोक आले ना बाई, तर आम्हाला जेवायला वेळ मिळायचा नाही. पण येत नाहीत."

घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. शेजारणीनं कुंपणापलीकडून फक्त मान हलवली. आई चुलीपाशी बसली आणि तीन दिवस केलापिलेशी बोलली नाही. वाढायची मात्र वेळेवर. चौथ्या दिवशी भांडं आपटून म्हणाली, "तुला काय, तू मोकळी झालीस." केलापिलेला त्याचा अर्थ लागला नाही.

महिनाअखेरीला मशीननं पेलोच्या आईनं घातलेलं कार्ड गिळलं. आमच्या गावात मशीन एकच, रांग मोठी, त्यामुळं हे पुष्कळांनी पाहिलं. तासाभरात ती फाटकाशी होती, घाम पुसत.

"दिनेओच्या आई!" तिनं हाक मारली. दिनेओ ही केलापिलेची थोरली बहीण. "तुझी पोर चोर निघाली! बाहेर ये!"

आई उठायच्या आत केलापिले दारात आली, ओंडक्याच्या अलीकडे, पोर खांद्यावर. "ओरडू नका बाई, पोर झोपलीय. आणि चोर कुणाला म्हणता? कार्डावर नाव कुणाचं होतं?"

"माझे पैसे खाल्लेस तू!"

"घेतले. तीन हजार. पत्रे आलेत, चांगले आहेत, या कधीतरी बघायला. त्याबद्दल तुम्ही आजवर सहा हजारांच्या वर नेलेत. आता सांगा, खाल्लं कुणी?"

"ठरलं होतं ते! तू हो म्हणालीस!"

"म्हणाले. पाण्यात बुडणारा माणूस मगरीलाही हो म्हणतो."

रस्त्यावर चार माणसं थबकली होती. पेलोची आई मास्तरीण होती, बघ्यांसमोर आवाज कसा खाली आणायचा ते तिला ठाऊक होतं. ती हळू म्हणाली, "मी कोत्लात जाईन. कोसीसमोर सांगेन. तुझ्या घराण्याची लाज जाईल."

कोत्ला म्हणजे आमच्या वस्तीची पंचायत, कोसी तिचा प्रमुख.

"जा की," केलापिले म्हणाली. "मीही येते."

"तू? बंदीतली बाळंतीण कोत्लात?" पेलोची आई हसली आणि निघून गेली.

संध्याकाळी दितिरोमामा आला. घरातला कर्ता पुरुष तो. अंगणात खुर्ची टाकून बसला, आत यायचं नाही म्हणून दाराकडे तोंड करून बोलू लागला. एक गाय विकू, पेलोच्या आईचं तोंड बंद करू, बाईमाणसानं कोत्लाची पायरी चढू नये आणि बाळंतिणीनं तर मुळीच नाही, असा सगळा पाढा त्यानं वाचला.

"मामा, गाय विकलीत तर पैसे तिला मिळतील," केलापिले आतून म्हणाली. "मी तिचं देणं लागत नाही. गाय राहू दे, वारोनाच्या लग्नाला होईल."

"ताई, तू सांग हिला," मामा आईकडे वळला.

आई चुलीतला विस्तव सारखा करत होती. मग विस्तवाकडेच बघत म्हणाली, "माझंही कार्ड आहे तिच्याकडे."

मामाला ऐकू आलं नाही की काय, तो म्हणाला, "काय?"

"माझ्या पेन्शनचं. बाळंतिणीला मटण कुठून घालत होते मी? आकाशातून पडत होतं का?"

केलापिलेला इतका संताप आला की पोर कुशीत चुळबुळली. म्हातारीला पेन्शन मिळते केवढी, आणि त्यातही पेलोच्या आईचा वाटा! म्हणून आई भांडायला नको म्हणत होती. आधी एक कार्ड अडकलं होतं, मग मुलीच्या पोटासाठी दुसरं अडकवलं.

"आई," ती म्हणाली, "शाल काढ माझी. उद्याच जाऊ."

"उद्या नाही, बुधवारी कोत्ला बसतो," आई म्हणाली. "आणि शाल मी लपेटीन तुला. चार माणसांत जायचं तर नीट जायचं."

बुधवारी त्या दोघी गेल्या. अर्धगोल लाकडी कुंपणाच्या आत माणसं खुर्च्यांवर बसली होती, बायका जमिनीवर. बाळंतीण येताना पाहून रागावलेल्या एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. "हे काय चाललंय? बंदीतली बाई इथं? पाऊस पडायचा नाही यंदा!"

"गेल्या साली मी पंपावर होते, आजोबा," केलापिले म्हणाली. "तेव्हा तरी कुठं पडला?"

कुणी तरी हसलं. कोसी हसला नाही. तो चाळिशीतला, चष्मा लावणारा माणूस होता, त्याला रीतही सांभाळायची होती आणि न्यायही. तो म्हणाला, "बाळंतिणीनं कुंपणाच्या आत येऊ नये. तिकडे त्या झाडाखाली उभी राहा आणि तिथून बोल. आम्हाला ऐकू आलं पाहिजे."

झाड बरंच लांब होतं. पेलोच्या आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. तिला वाटलं, तिथून ही काय बोलणार. पण ट्रकच्या घरघरीत वर्षानुवर्षं बोललेल्या बाईला झाड म्हणजे काय? केलापिलेनं छाती भरून श्वास घेतला आणि बोलली. पलीकडच्या शाळेतली पोरं खिडकीशी आली.

"मी तीन हजार घेतले, नाकारत नाही! दुप्पट दिले, तेही नाकारायचं नाही कुणी! माझा निम्मा पगार माझ्या पोरीचं दूध आहे! ते मशीनमधून काढून नेण्याचा हक्क या बाईला कोणी दिला, तेवढं मला सांगा!"

कोसीनं पेलोच्या आईला विचारलं, "व्याजाचा धंदा करायला सरकारचा परवाना आहे तुमच्याकडे?"

"मी धंदा नाही करत, कोसी. अडलेल्यांना मदत करते."

"मग मदतीला कार्ड कशाला लागतं? किती जणांची आहेत तुमच्याकडे?"

"हिचं एकटीचं होतं," पेलोची आई म्हणाली.

बायकांमधून केलापिलेची आई उठली. जन्मात कधी ती या जागी बोलली नव्हती. "माझं पण आहे," ती म्हणाली आणि जास्त काही सुचेना म्हणून पुन्हा म्हणाली, "माझं पण."

मग मागून एक शिपाई उठला. मग दवाखान्यात धुणं धुणारी एक बाई. आणखी कितीतरी जण होते, सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते आपल्या चपलांकडे बघत बसले. काहींना पुढच्या महिन्यात पुन्हा उसने लागणार होते.

कोसीनं निकाल दिला: केलापिलेचं देणं फिटलं. उठलेल्या तिघांची कार्डं त्याच दिवशी परत करायची. मुद्दल राहिलं असेल तर तेवढंच हप्त्यानं द्यायचं. पुन्हा तक्रार आली तर पोलिसांकडे पाठवीन. मग तो केलापिलेकडे वळून म्हणाला, "आणि तू. रीत मोडलीस, ते काही चांगलं केलं नाहीस."

"रीत मोडली नाही, कोसी," ती झाडाखालून ओरडली. "झाडाखालीच उभी आहे!"

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. पेलोच्या आईचा धंदा थांबला नाही, नुसता अंगणातून आतल्या खोलीत गेला. चर्चमध्ये तिनं दोघींना ओळख दाखवणं बंद केलं. वस्तीतल्या काही बायका केलापिलेला उद्धट म्हणू लागल्या, आणि त्यातल्याच दोघी अंधार पडल्यावर विचारायला आल्या, बँकेत नक्की काय म्हणायचं असतं. त्यात केलापिलेनं आईसाठी हप्त्यानं घेतलेल्या सोफ्याचे पैसे थकले. दुकानदाराची माणसं सोफा उचलायला येऊन ओंडक्यापाशी थबकली, तर केलापिलेनं स्वतः दार उघडून धरलं. "न्या न्या. बसायला वेळ कुठं आहे मला?" सोफा गाडीत चढला आणि हप्त्याचं भूत उतरलं.

तीन महिने भरल्यावर ओंडका हलवला. मोआगी बसमधून उतरला तो थेट आईच्या घरी. त्यानं पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं आणि रडू लागला. केलापिले म्हणाली, "रडून घे, मग पाळणा दुरुस्त कर."

दोन दिवसांनी ती पंपावर परत गेली. कामावर परतलेल्या आईला पोराला पाजायला दिवसात तासभर सुटी मिळते, हे तिनं दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं. दुपारी आई पोरीला घेऊन आली. टायरांच्या ढिगाच्या सावलीत दुधाचा रिकामा क्रेट उलटा टाकून केलापिले बसली. नवा मॅनेजर, पोरसवदा, घड्याळ दाखवत आला.

"गिऱ्हाईक खोळंबलंय, बाई."

"माझंही गिऱ्हाईक खोळंबलंय," ती पोरीकडे बोट दाखवून म्हणाली. "हे आधी आलं. सरकारनं दिलेला तास आहे, तुमच्या खिशातून मागत नाही."

समोर एका ट्रकनं भोंगा वाजवला. दुसऱ्यांदा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवायच्या आत आई उठली, शाल खांद्यावर ओढली आणि ट्रकच्या दारापाशी जाऊन मान वर करून ओरडली, "ए बाबा! आईचं दूध पिऊनच मोठा झालास ना? थांब मग गप!"

ड्रायव्हर खाली उतरला, टोपी काढली आणि टायरांच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्याकडे पाठ करून, निमूट उभा राहिला.